बापाच्या बाजूचं रक्त

बेक्वाई, ११ फेब्रुवारी

अंटवी,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी शेवटचा परिच्छेद वाच. कामाचं तेवढंच आहे.

तुझा पत्ता डुफी मावशीने दिला. मी फोन नंबर मागितला होता. म्हणाली, "नंबर नाही मिळायचा. पत्र पोराला फाडता तरी येतं. तुमचा आवाज कानात गेला की दोन दिवस जेवत नाही तो." नऊ वर्षांत तिची जीभ जराही बोथट झालेली नाही. तुझी आई माझ्यामुळे खंगून गेली असं ती अजून धरून बसली आहे. मी पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि निघालो.

इकडे सगळं ठीक आहे. घराचे पत्रे बदलले. कोको खरेदी केंद्रात आता माझ्या जागी एक पोरगेला माणूस बसतो. प्रत तपासायला पोत्यातून बिया काढतो, पण तीनशेच्या जागी शंभरच कापतो आणि शिक्का मारून मोकळा होतो. मी एकदा त्याला म्हणालो, "अरे, बाकीच्या दोनशे कोण बघणार, तुझा देव?" तेव्हापासून तो मला चहा विचारत नाही.

तुझ्या आईने लावलेली कोकोची बाग बोआटेन नीट बघतो. हे वाचून तू दात खाशील, पण खोटं कशाला लिहू? तो माझ्या बहिणीचा मुलगा, माझ्या कुळातला. तू तुझ्या आईच्या कुळातला. आमच्यात मामाचं भाच्याला जातं, बापाचं मुलाला जात नाही, ही रीत काही मी काढलेली नाही.

आता कामाचं. तुला चव्वेचाळीस पूर्ण झाली. तिथे समुद्रापार कोलंबसला चांगले डॉक्टर असतील. त्यांच्याकडे जा आणि प्रोस्टेटची रक्ततपासणी करून घे. रात्री लघवीला किती वेळा उठतोस? धार नीट आहे का? बापाने मुलाला हे विचारू नये हे मलाही कळतं. का विचारतो ते तूही विचारू नकोस. मला काही झालेलं नाही. पाठ दुखते, ती वयामुळे.

ज्याने तुझं नाव ठेवलं तो,
बाफी


बेक्वाई, २ एप्रिल

अंटवी,

सात आठवडे झाले. पत्र तिकडे जाऊन उत्तर यायला तीन लागतात असं पोस्टातली बाई सांगते. म्हणजे एक तर तू चार आठवडे विचार करतो आहेस, किंवा मुळीच करत नाहीस.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. पाठ वयामुळे दुखत नाही. कुमासीच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर लॅम्प्टे नावाच्या बाई आहेत, त्यांनी मला तपासलं. कुठे बोट घालून तपासलं ते लिहीत नाही. चाळीस वर्षं मी पोत्यांत सळई खुपसून आतला माल बाहेर काढत आलो, पण पोत्याला काय वाटत असेल असा विचार कधी मनात आला नव्हता. मग सुईने तुकडे काढले, ते कुठेतरी पाठवले. प्रोस्टेटचा कर्करोग आहे. किती पसरलाय ते पुढे कधीतरी लिहीन.

तुला लिहायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते कसं मांडावं हे मला कळत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या पुरुष मंडळाने याच आजाराची तपासणी ठेवली होती. नर्सने विचारलं, रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार झालाय का? मी मनातल्या मनात माझी माणसं मोजली. आईचे तीन भाऊ. आजीचा भाऊ. माझा थोरला भाऊ. मावशीचे दोन मुलगे. कुणालाही नाही. "नाही," म्हणालो. ती म्हणाली, मग तुमची घाई नाही, आज नळ्या कमी आहेत, पुढच्या खेपेला रक्त द्या. मी खुशीत घरी आलो आणि पोटभर फुफू खाल्ला. पुढच्या खेपेला गेलोच नाही.

आता फेब्रुवारीत लॅम्प्टेबाईंनी तोच प्रश्न विचारला. मी तीच माणसं सांगितली. त्या कागदावर चौकोन काढत होत्या, रेघा जोडत होत्या. मग म्हणाल्या,

"आणि बाबा, तुमचे वडील?"

"त्यांचं काय?"

"ते कशाने गेले?"

"ते माझ्या रक्ताचे नव्हते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही दत्तक होता?"

"दत्तक कशाला? सख्खे वडील. पण रक्त आईकडून येतं ना, बाई. बापाकडून नाव येतं, हिंमत येते, स्वभाव येतो. तुम्ही कुठल्या?"

"मी अक्राची. आम्ही गा लोक."

"हां, मग बरोबर. तुमच्यात बापाचं कूळ चालतं. आमच्यात तसं नाही."

मला वाटलं बाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत. "बरं, नसतील रक्ताचे," त्या म्हणाल्या, "पण गेले कशाने ते तर सांगाल?"

"लघवी तुंबून."

"आणि त्यांना भाऊ होते?"

"एक होता. तोही तसाच गेला."

मग त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूला दोन चौकोन काढले आणि काळे केले.

अंटवी, माझा बाप ज्या वर्षी गेला त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. तो अंगणात पालथ्या उखळावर बसायचा आणि कण्हायचा, आणि शेजारची बाई पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती, कारण ते ऐकवत नव्हतं. मी हे विसरलो नव्हतो. त्या नर्सने विचारलं तेव्हाही मला हे आठवत होतं. पण ते दुसऱ्या कुळाचं दुखणं म्हणून मी कधीच माझ्या बाजूला मोजलं नाही. तुझं नाव मी त्याच्यावरूनच ठेवलं आहे.

तपासणी केलीस का?

बाफी


बेक्वाई, २० मे

अंटवी,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी पोस्टातल्या बाईला उगाच दोन केळी दिली. मग आतलं वाचलं.

तू लिहितोस, ‘रक्त आईचं असतं. माझ्यात तुमच्या रक्ताचा थेंबही नाही असं तुम्हीच सगळ्या कुळासमोर म्हणालात. मग तुमचा आजार मला कसा होईल?’

म्हणालो होतो. बाग बोआटेनच्या नावावर केली त्या दिवशी, पाच म्हाताऱ्यांसमोर, तुझ्या आईसमोर. ती उठून पाणी आणायला गेली. मला तेव्हा वाटलं की मी रीत सांगतोय. तुझी ओळ वाचली आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मारणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येईना.

पत्र खिशात घालून मी लॅम्प्टेबाईंकडे गेलो. त्या दिवशी माझी वेळ नव्हती, तरी बसवून घेतलं. मी म्हणालो, "बाई, माझ्या मुलाने प्रश्न विचारलाय आणि मला उत्तर येत नाही."

त्यांनी वाचलं. "मुलगा हुशार आहे," म्हणाल्या. "बापावर गेलाय."

"तेच तर विचारतोय. बापाकडून काय जातं?"

"अर्धं. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. प्रत्येक माणसात, प्रत्येक पेशीत."

"हे कधीपासून?"

"कायमच, बाबा."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्या हसल्या, मग हसू आवरलं. मला हसू आलं नाही. सत्तरी उलटल्यावर माणसाला सांगायचं की तुझा बाप तुझ्यात निम्मा होता, आणि तू तुझ्या मुलात निम्मा आहेस, आणि त्याच मुलाला तू सगळ्यांसमोर परका म्हणालास! मी त्यांना विचारलं, मग आमचे पूर्वज मूर्ख होते का? त्या म्हणाल्या, "नाही हो. शेत कुणाला द्यायचं याचा तो नियम आहे. आजार नियम विचारत नाही." मला पटलं की नाही, अजून ठरत नाही.

तू पुढे लिहितोस, तिथे प्रत्येक फॉर्मवर तू ‘काळा’ असतोस आणि काळ्यांना हा आजार जास्त होतो असं डॉक्टर नुसतं तोंड बघूनच सांगतात. तेव्हा बाप कोण हे कुणी विचारत नाही, आणि तू ‘बघू कधीतरी’ म्हणून सोडून दिलंस. हेही मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे. तिथल्या काळ्या पुरुषांना जास्त होतो, लवकर होतो, आणि मरतातही जास्त. त्यांचे पूर्वज आपल्याच किनाऱ्यावरून गुलाम करून नेलेले, म्हणून काही रक्तातलं असेल. पण काही उशिरा तपासण्यामुळे, काही औषधपाण्यातल्या दुजाभावामुळे. कुठलं किती, ते अजून कुणाला नीट उकललेलं नाही.

मग मी चिडलो. मी म्हणालो, "बाई, ‘काळे’ म्हणजे कोण? मी बेक्वाईचा, तुम्ही अक्राच्या, उत्तरेला हौसा बोलणारे वेगळेच. सगळे एकाच पोत्यात? मी चाळीस वर्षांत पोत्याचं कापड बघून एकदाही शिक्का मारलेला नाही."

"बाबा, तुम्ही आमच्या परिषदेत यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही हेच भांडतो."

त्यांनी भांडावं. मला एवढंच कळलं की कापड बघून तुला सांगितलं तेही अर्धवट, आणि मी तुला सांगितलं तेही अर्धवट. पण दोन्हीकडून अर्थ एकच निघतो. जाऊन रक्त दे. ‘कधीतरी’ हा शब्द मीही सहा वर्षांपूर्वी वापरला होता.

बाफी


बेक्वाई, ९ जुलै

अंटवी,

तू लिहिलं नाहीस. मी लिहितो.

लॅम्प्टेबाईंच्या इस्पितळात रक्तातली अक्षरं, म्हणजे जनुकं, वाचण्याचं एक काम चालू आहे. बाई म्हणाल्या, आजवर बहुतेक रक्त गोऱ्या लोकांचं वाचलं गेलं, त्यामुळे आपल्या रक्तात काही वेगळं दिसलं तर ते कशाचं लक्षण हे यादीतच सापडत नाही. म्हणून त्यांना आपल्याकडचं रक्त हवं. मी दिलं. एक नाही, तीन नळ्या. मग त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांच्या बाजूचं कुणी मिळेल का?

विचार कर, मी कधी माझ्या बापाच्या माणसांकडे गेलो नव्हतो. त्याच्या अंत्यविधीनंतर तर नाहीच. जाकोबू इथून तासाभरावर, पण मला तो रस्ता आठवत नव्हता. बोआटेनने गाडी काढली. तिथे माझ्या बापाच्या बहिणीचा मुलगा राहतो, सेचेरे. माझ्या बापाची बाग त्यालाच गेली. रीतीप्रमाणे. मी एकोणीस वर्षांचा असताना त्याच्यावर किती जळायचो हे मला त्याच्या दारात उभं राहिल्यावर आठवलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सेचेरे अंगणात खुर्चीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "हा कोण थेरडा? मामाचा बाफी ना तू? इतक्या वर्षांनी आमची आठवण झाली? काय, बाग परत मागायला आलास?"

"नाही. रक्त मागायला आलोय."

"घ्या! बाग परवडली असती."

मी सगळं सांगितलं. आधी तो हसत होता. मग त्याने कमरेचं कापड बाजूला केलं. मांडीला पिशवी बांधलेली, नळी लावलेली. "दोन वर्षं झाली," म्हणाला. "तुझा बाप गेला, त्याचा भाऊ गेला, माझा थोरला भाऊ गेला. आम्ही म्हणायचो, गावच्या गादीच्या भांडणात कुणीतरी घरावर करणी केली. मेंढरं कापली. एक भगत सांगून गेला की विहीर बुजवा. विहीर बुजवली. आता बायका लांबून पाणी आणतात."

"डॉक्टरकडे?"

"डॉक्टर नळी लावतो. करणी काढत नाही."

त्याने रक्त दिलं. इस्पितळातून आमच्याबरोबर आलेल्या नर्सने दंडाला पट्टा बांधला तेव्हा तो म्हणाला, "बाफी, आपण एका घरचे होतो तर मग!" मला रडू आलं. बोआटेन तोंड फिरवून उभा राहिला.

परतताना डोक्यात नुसता गोंधळ. सेचेरे माझ्या बापाच्या बहिणीचा, म्हणजे त्याला ते आईकडून आलं असणार. मला बापाकडून. मी बाईंना फोन केला. "म्हणजे हे बायकांतूनही जातं?"

"जातं. बाईला प्रोस्टेट नसते, पण तिच्याकडून मुलाला येऊ शकतं. मुलीला आलं तर तिला दुसरे धोके. छातीचे, कधी कधी."

मी फोन ठेवला. मग आईकडून येतं ते खरं, आणि बापाकडून येतं तेही खरं. मी आयुष्यभर एकाच बाजूची माणसं मोजली. सेचेरेही तसंच मोजत आला, आणि त्याने विहीर बुजवली.

बोआटेनने तपासणी करून घेतली. त्याचं सगळं बरं आहे. तू राहिलास.

बाफी


बेक्वाई, ३० ऑगस्ट

अंटवी,

रक्ताचा निकाल आला. मी स्वच्छ शर्ट घालून गेलो, जणू कोर्टात निकाल ऐकायचा आहे. बाईंनी कागद पुढे ठेवला.

"एक अक्षर वेगळं सापडलं. तुमच्यात आणि सेचेरेंच्यातही."

"म्हणजे तेच."

"तेच असेल. नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे काय, बाई? चांगलं आहे की वाईट?"

"माहीत नाही. यादीत हे अक्षर पुरेसं दिसलेलंच नाही. निरुपद्रवी असेल. तुमच्या घरातल्या आजाराचं मूळही असेल. अजून अशीच घरं तपासली की कळेल."

"कधी?"

"काही वर्षांनी, बाबा."

अंटवी, माझ्या कामात बी कापली की ती एक तर चांगली, नाही तर बुरशीची, किडकी किंवा कच्ची. काही तरी लिहावंच लागतं. ‘माहीत नाही’ असा रकाना मी उभ्या जन्मात भरला नाही. मी बाईंना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी तर रोज भरते." थकलेल्या दिसत होत्या. दोन लहान मुली आहेत त्यांना, त्या दिवशी एकीला ताप होता, तरी आल्या होत्या.

मग मी विचारलं, माझ्या मुलाला काय सांगू? त्या म्हणाल्या, "अक्षराचं काहीही असो. आजोबा, आजोबांचे भाऊ, वडील, वडिलांचे आतेभाऊ. एवढी माणसं पुरेत. त्याने आत्ता तपासायला हवं, पन्नाशीची वाट बघायची नाही. अक्षर कळायला वर्षं लागतील, तपासणीला सकाळ पुरते."

आता जे टाळत आलो ते लिहितो. माझं हाडांत गेलंय. पाठ त्यानेच दुखत होती. इंजेक्शन देतात, बरं वाटतं, मग नाही वाटत. सहा वर्षांपूर्वी खरं उत्तर दिलं असतं तर कदाचित निभावलं असतं, कदाचित नसतं. तेही माहीत नाही.

बागेबद्दल काही लिहीत नाही. ती आता बोआटेनची, आणि त्याने ती घाम गाळून टिकवली आहे. पण मी तुझ्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं. रीतीच्या नावाखाली बोललो. मला वाईट वाटतं. तुझ्या आईला हे सांगता येत नाही म्हणून जास्त वाटतं.

मी तुला काही दिलं नाही. आणि दिलं असेल तर हे, आणि तेही दिलं की नाही ते कुणाला ठाऊक नाही. एवढं तरी बघून घे.

बाफी


बेक्वाई, १४ नोव्हेंबर

अंटवी,

हे अक्षर बोआटेनचं आहे. मी पलंगावरून सांगतोय आणि तो लिहितोय. माझा हात आता धड ओळीत राहत नाही. बोआटेन म्हणतो, त्याचाही नमस्कार लिहू का? लिहितोय म्हणे.

तुझं पत्र काल मिळालं. तू गेलास! चार वेळा वाचून घेतलं. रक्ततपासणीचा आकडा सातच्या वर आला, तुझ्या वयाला तो बराच जास्त, आणि सोळा डिसेंबरला तुकडे काढणार. मला काय झालं ते कसं सांगू? घाबरलो आणि त्याच वेळी बरं वाटलं. मुलाचा आकडा वाईट आला म्हणून बापाला बरं वाटतं, असा बाप कुठे असतो का? पण तो आता आला. हाडांत जाण्याआधी आला. लॅम्प्टेबाईंना बोआटेनने फोन केला. त्या म्हणाल्या, काहीच निघालं नाही असंही होईल, आणि निघालंच तर या वेळेला पकडलेलं बहुतेक बरं होतं. ‘बहुतेक’ म्हणाल्या. मी तो शब्द पकडून बसलोय.

पण तुझं शेवटचं पान मला मुळीच आवडलं नाही. डुफी मावशीने तुला कळवलं की बाफीचे थोडेच दिवस उरलेत. म्हणून तू सोळा तारीख रद्द करणार, इकडे येणार, आणि रीतीप्रमाणे माझी शवपेटी आणणार. ‘मुलाने बापाची पेटी आणली नाही तर लोक माझ्या आईला नावं ठेवतील. तपासणी मार्चमध्ये करीन.’ असं तू लिहितोस.

म्हणजे मी तुझा कुणी नाही म्हणून नऊ वर्षं आला नाहीस, आणि आता मी तुझा बाप म्हणून येणार, आणि त्यापायी माझाच आजार अंगात वाढवत ठेवणार? मला काही समजत नाही. रागावू की रडू? बोआटेन म्हणतो, मामा, दोन्ही करा पण हळू, मला लिहायचंय.

तर ऐक. परवा मी कुळाच्या माणसांना बोलावलं. थोरले अम्पेम आले, इतरही आले. मी म्हणालो, "मी गेलो की मला इस्पितळाच्या थंड खोलीत ठेवा. अंत्यविधीची तारीख ठरवायची नाही."

अम्पेम म्हणाले, "कधीपर्यंत?"

"माझ्या मुलाच्या डॉक्टरचं पत्र येईपर्यंत. कापाकापी करायची असेल तर ती होऊन, तो उभा राहीपर्यंत."

"आणि सहा महिने लागले तर?"

"तर सहा महिने. मला कुठे जायचंय?"

सगळे हसले, अम्पेम सोडून. "बाफी, चेष्टा नको. तारीख लांबली की लोक म्हणणार, पेटी आणायला याला मुलगाच नव्हता. कूळ म्हणून आम्ही काय तोंड दाखवायचं?"

"सांगा, मुलगा आहे. डॉक्टरकडे गेलाय."

"बापाच्या अंत्यविधीपेक्षा डॉक्टर मोठा?"

"हो. कारण बापाचा आजार त्याच्यातही असेल."

अम्पेमनी ऐंशी पार केली आहे, हे असलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "त्याच्यात कसा असेल? तो तुझ्या रक्ताचा कुठाय?"

"आहे," मी म्हणालो. "तो माझ्या रक्ताचा आहे. विचारेल त्याला असंच सांगा."

आधी सोळा तारीख. मग ये.

तुझा बाप,
बाफी